केडगावच्या रमाबाई आणि आपल्या हजेरीपटावरची पोरकी मुलं



नगर रस्त्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘केडगाव’ म्हटलं की आधी नगरचं केडगाव आठवतं, रेणुकामातेचं. पण आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, आणखी एक केडगाव आहे. कारेगावहून न्हावऱ्याला जायचं, भीमा ओलांडून पारगावमार्गे चौफुल्याची वाट धरायची, की ते लागतं. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन, आजूबाजूला ऊस आणि गुऱ्हाळं. त्याच गावात पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं मुक्ती मिशन सव्वाशे वर्षांहून जास्त काळ उभं आहे. दुष्काळात आई-बाप गेलेल्या शेकडो मुलींना तिथे घर मिळालं.

आपण मुलांना रमाबाई शिकवतो. जन्म, शारदा सदन, ‘पंडिता’ ही पदवी, झालं. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो आणि रमाबाई तिथेच संपतात. मला वाटतं, आपण त्यांना फार स्वस्तात सोडतो. माझं म्हणणं आधीच सांगते. पहिलं, रमाबाई पूर्ण शिकवाव्यात, त्यांच्या ख्रिस्ती धर्मासकट. दुसरं, पोरक्या मुलाला छप्पर देणं ही फक्त सुरुवात असते, हे त्यांच्या कामातून शिकावं. तिसरं, असं मूल सगळ्यात आधी दिसतं ते शाळेत, म्हणून पहिली जबाबदारीही आपलीच.

रमाबाई स्वतः पोरक्या होत्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असं मानणाऱ्या काळात त्यांनी बायकोला शिकवलं आणि त्याचा त्रास सोसला. आई लक्ष्मीबाईंनी तेच ज्ञान लेकीला दिलं. हे कुटुंब पुराणं सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी देशभर चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

पुढेही सुख फार टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बंगालमधले वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पतीही गेले. तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्याला आल्या. वय अवघं चोवीस. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं.

हे सगळं सांगण्याचं कारण एकच. केडगावचं काम पैसेवाल्या बाईंनी दया येऊन केलेलं काम नव्हतं. भूक म्हणजे काय, आई-बापांना डोळ्यांदेखत जाताना पाहणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांनी ते केलं.

मुक्तीमध्ये नेमकं काय घडलं?

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच गावोगाव व्याख्यानं देत राहिल्या. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं, दहा वर्षं मदत देण्याचं ठरलं. परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच आनंदीबाई कर्वे. कर्व्यांनी १८९६ मध्ये जी संस्था काढली तिचं नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ होतं. एका शाळेचा दिवा दुसऱ्या शाळेपर्यंत कसा जातो ते बघा.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती. लहान मुली कुणाच्याही हाती लागत होत्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. मग संस्थेच्या उत्पन्नासाठी केडगावला आधीच घेतलेली शंभर एकर जमीन उपयोगी पडली. उजाड माळ होता. विहिरी खोदल्या, झोपड्या-तंबूंत संसार सुरू झाला, हळूहळू इमारती उठल्या. १९०० च्या आसपास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. आज एवढ्या मुलांचा पोषण आहार एका ठिकाणी शिजवायचा म्हटलं तर आपली तारांबळ उडेल. बाईंनी ते वीज, मोटार आणि फोन नसताना केलं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मुलींना नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. शारदा सदनात शिकलेल्या मुलीच या नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या. लिहिणं-वाचणं आलंच, शिवाय शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, सगळं होतं. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी ‘प्रीती सदन’ होतं. छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबलचं साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत भाषांतर केलं आणि ते छापण्यासाठी खिळे जुळवायला बसल्या त्या याच मुली. ज्यांना दुष्काळाने रस्त्यावर टाकलं होतं, त्या अक्षरं जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी मनोरमाबाई गेल्या होत्या. काम मात्र थांबलं नाही. केडगावला मुली आणि निराधार स्त्रियांसाठी ते आजही चालू आहे.

धर्माचा प्रश्न टाळून चालणार नाही

आता अवघड भाग. रमाबाईंचं नाव निघालं की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, “काम चांगलं होतं हो, पण धर्मांतर केलं ना.” दुसरा कुणी म्हणतो, “तो विषय नको, मुलांना फक्त सामाजिक कार्य सांगा.” मला दोन्ही पटत नाही.

इतिहास काय सांगतो? शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. ‘केसरी’ने जोरदार टीका केली. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याआधी, रमाबाईंच्या धर्मांतरावरून १८८५ च्या सुमारास गदारोळ झाला तेव्हा जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली होती. म्हणजे मोठमोठ्या माणसांचंही याबाबत एकमत नव्हतं. मग सातवी-आठवीच्या मुलांपासून हे लपवून आपण काय साधतो? उलट, थोर माणसांतही मतभेद असतात आणि ते युक्तिवादाने मांडायचे असतात, हे शिकवायला याहून चांगला पाठ कुठला?

मुक्ती मिशन मात्र उघडपणे ख्रिस्ती होतं. तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. यावर मी दोन प्रश्न विचारते आणि दोन्ही सारख्याच प्रामाणिकपणे विचारायला हवेत असं मला वाटतं.

पहिला प्रश्न टीका करणाऱ्यांना. १८९७ मध्ये जबलपूरकडच्या रस्त्यावर पडलेल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी किती दारं उघडी होती? आपल्याकडे चांगलं काम झालंच नाही असं नाही. फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, पंढरपूरला १८७५ पासून प्रार्थना समाजाचा अनाथाश्रम होता. पण गरजेच्या मानाने ही दारं फारच थोडी होती. जो उचलून घरी नेतो त्याला जाब विचारण्याआधी, जे बाजूने चालत गेले त्यांनाही विचारलं पाहिजे.

दुसरा प्रश्न संस्था चालवणाऱ्यांना, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत. आपल्या राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येणार नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. घरचं मूल असेल तर आई-बाप नाही म्हणू शकतात. १८९३ मध्ये पालकांनी तेच केलं, मुली काढून नेल्या. पण अनाथ मुलाचा पालक कोण? बहुतेक वेळा संस्थाच. म्हणजे संमती मागणारा आणि देणारा एकच! आणि जे मूल त्याच ताटात जेवतं ते ‘नाही’ कसं म्हणणार? म्हणून माझं मत असं की प्रेम श्रद्धेतून यायला हरकत नाही, पण ताटाला अट नसावी. मोठं झाल्यावर त्या मुलीने काय मानायचं ते तिचं तिने ठरवावं. हा नियम मिशनला लावायचा तसाच आश्रमाला, मठाला, मदरशाला आणि कुठल्याही ट्रस्टला लावायचा. एकालाच लावला तर तो नियम राहत नाही, नुसता राग राहतो.

आणि आपल्या रस्त्यावरचीच उदाहरणं बघा ना. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं पुण्याला आणली आणि वाघोलीत त्यांच्या शिक्षणाचा प्रकल्प उभा राहिला. मांजरीला सिंधुताई सपकाळांचं घर आहे. केडगावला ख्रिस्ती मिशन, वाघोलीला जैन संघटना, मांजरीला एक माई. प्रेरणा तीन, पण पोरक्या मुलाची गरज एकच.

रोमानियाने दिलेला धडा

आता जरा लांब जाऊया. युरोपात रोमानिया नावाचा देश आहे. १९६६ मध्ये तिथल्या चाउशेस्कू सरकारने लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी आणली. गरीब घरांत मुलं जन्माला आली, पोसायला पैसे नाहीत. सरकारने सांगितलं, आमच्या बालगृहात ठेवा. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा त्या बालगृहांतली दृश्यं जगाने पाहिली. एक लाखाहून जास्त मुलं होती. रांगेने लोखंडी पाळणे, मुलं स्वतःशीच डुलत बसलेली. रडणंही थांबलेलं, कारण रडून कुणी येत नव्हतं. मग युरोप-अमेरिकेतल्या चर्चच्या मंडळ्या दूध, कपडे, औषधं घेऊन तिथे पोचल्या. पुष्कळांनी वर्षानुवर्षं काम केलं.

पण खरा धडा पुढे मिळाला. २००० पासून बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या शास्त्रज्ञांनी संस्थेतल्या १३६ मुलांचा अभ्यास केला. निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत ठेवलं, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धी, भाषा, माणसाशी नातं जोडणं, या सगळ्यांत पुढे गेली. साधारण दोन वर्षांच्या आत जी कुटुंबात गेली त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. नंतर रोमानियाने कायदाच केला की दोन वर्षांखालच्या मुलाला संस्थेत ठेवायचं नाही, अगदी गंभीर अपंगत्वासारखा अपवाद सोडून.

म्हणजे अन्न, अंथरूण, औषध असूनही काहीतरी कमी पडत होतं. काय? तर त्या मुलाचं स्वतःचं असं एक माणूस. उद्याही तेच येणार याची खात्री. आणि आणखी एक गोष्ट. त्या मुलांपैकी पुष्कळांचे आई-बाप जिवंत होते! ती पोरकी नव्हती, गरीब होती. आपल्याकडच्या बालगृहांतही एक पालक हयात असलेली मुलं असतात. आई एकटी, कामाला जाते, भाड्याची खोली, मुलाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून ठेवलेली.

मुक्तीमध्ये मोठ्या मुलींनी लहान मुलींना शिकवलं, एकत्र राबल्या, हा मला त्यातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. दोन हजारांच्या गर्दीत प्रत्येकीला कुणीतरी ओळखणारं मिळायचं तर तोच मार्ग होता.

आज कायदा काय म्हणतो?

आपला २०१५ चा बालन्याय कायदा नेमकं हेच तत्त्व सांगतो. संस्था हा शेवटचा पर्याय. आधी स्वतःचं घर, मग नातेवाईक, दत्तक किंवा पालक कुटुंब, आणि यातलं काहीच जमलं नाही तरच बालगृह. प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे आणि मूल तिथे ठेवायचं तर बालकल्याण समितीचा आदेश लागतो. कुणाला एकटं, बेवारस मूल सापडलं तर २४ तासांच्या आत कळवावं लागतं. १०९८ हा फोन त्यासाठीच आहे. “आमच्या पाहुण्यांना मूल हवंय, देऊन टाका” हे प्रकार सरळ गुन्हा आहेत. दत्तक कायद्याच्या मार्गानेच.

मूल घरातच राहावं यासाठी आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ती चालते. आई-वडील दोन्ही नसलेल्या, किंवा एकच पालक असलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या कुटुंबाला दरमहा २२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण आजीकडे राहणाऱ्या मुलासाठी ती शाळा आणि वीटभट्टी यांच्यातला फरक ठरू शकते. २०१८ पासून अनाथ मुलांना शिक्षण आणि नोकरीत १ टक्का आरक्षणही आहे. या गोष्टी किती पालकांना माहीत आहेत? आणि खरं सांगा, किती शिक्षकांना?

शाळेने काय करावं?

रांजणगाव एमआयडीसीमुळे कारेगावच्या शाळांत बीड, लातूर, नांदेडपासून बिहार, उत्तर प्रदेशापर्यंतची मुलं येतात. न्हावऱ्याच्या बाजूला गेलात तर ऊसतोडीची. गावाकडे आजी-आजोबा, चुलते असतात. इथे खोलीत आई, बाप आणि दोन लेकरं. त्यातला एकजण अपघाताने किंवा आजाराने गेला, की त्या मुलामागे भावकी नसते, शेजारीही दर अकरा महिन्यांनी बदलतात. अशा वेळी मुलाला रोज बघणारं, त्याचं नाव माहीत असलेलं मोठं माणूस एकच उरतं. वर्गशिक्षक.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते.

१. दरवर्षी जूनमध्ये हजेरीपट समोर ठेवून एक-पालक आणि विना-पालक मुलांची यादी करा. ती फळ्यावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

२. त्या घराला बालसंगोपनचा अर्ज भरायला मदत करा. साधारणपणे मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक लागतं. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयापर्यंत कागद पोचला की अर्धं काम झालं. बोनाफाईडसाठी त्या आजीला तीन हेलपाटे घालायला लावू नका.

३. कागद नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. जन्माचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, या कारणाने प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो.

४. आपल्या निबंधांकडे पुन्हा बघा. ‘माझी आई’ आणि ‘माझे बाबा’ हे निबंध आपण डोळे झाकून देतो. ज्याची आई सहा महिन्यांपूर्वी गेली ते मूल काय लिहील? एकतर गाईडमधून खोटी आई उतरवून काढेल, नाहीतर कोरं पान देईल. विषय बंद करा असं मी म्हणत नाही. ‘माझी आई’ च्या शेजारी ‘मला जीव लावणारं माणूस’ असा दुसरा पर्याय फळ्यावर लिहा, आणि तो सगळ्यांसाठी ठेवा, म्हणजे कुणी वेगळं दिसणार नाही. आजी, मावशी, थोरली बहीण, शेजारच्या काकू, कुणावरही लिहू देत. मराठीचा निबंध त्यामुळे सुधारतोच, कारण मूल खरं लिहितं.

५. पालकसभेच्या निरोपात ‘आई-वडिलांना घेऊन या’ ऐवजी ‘घरच्या मोठ्यांना घेऊन या’ असं म्हणा. शब्द दोनच बदलतात.

वाढदिवस, केक आणि फोटो

शेवटी समाजासाठी एक. हल्ली वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करायची पद्धत आली आहे. भावना चांगली असते, मला मान्य आहे. पण मुलांच्या जागी बसून बघा. दर रविवारी नवीन माणसं येतात, केक कापतात, मांडीवर घेतात, फोटो काढतात आणि परत कधीच दिसत नाहीत. ज्याचं दुःखच माणसं निघून जाण्याचं आहे, त्याला आपण पुन्हा पुन्हा निघून जाणारी माणसं दाखवतो. शिवाय त्याचा चेहरा आपल्या स्टेटसला.

द्यायचंच असेल तर दरमहा थोडं द्या, पण वर्षानुवर्षं द्या. संस्था नोंदणीकृत आहे का ते विचारा. बॉस्टनच्या मंडळाने रमाबाईंना एकदाच मोठी देणगी देऊन फोटो काढला नाही, दहा वर्षांचा शब्द दिला, म्हणून त्यांना पुढचं आखता आलं. वेळ देता येत असेल तर दर आठवड्याला एक तास गणित शिकवायला जा. आणि अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींना विसरू नका. आपल्या एमआयडीसीत एवढ्या कंपन्या आहेत. बालगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलीला प्रशिक्षणाची जागा आणि राहायला सुरक्षित खोली मिळवून देणं हे शंभर केकपेक्षा मोठं दान आहे. रमाबाईंनी मुलींना छापखान्यात उभं केलं ते याचसाठी. आयुष्यभर कुणाच्या दयेवर राहावं लागू नये म्हणून.

येत्या २३ एप्रिलला रमाबाईंची जयंती आहे. त्या सुमारास परीक्षा आणि निकालाची धांदल असते, मला ठाऊक आहे. तरी अर्धा तास काढा आणि मुलांना रमाबाई सांगा, वादासकट सांगा. जमलं तर सहावी-सातवीची एक सहल केडगावला न्या, आधी परवानगी घेऊन आणि खाऊ-फोटोचा कार्यक्रम न करता. मुलांना एवढंच कळू द्या की आपल्याच जिल्ह्यातल्या एका माळावर पोरक्या मुलींनी अक्षरं जुळवली होती. आणि मग निकालपत्रकं लिहिताना ज्या नावापुढे पालकाची सही नेहमी उशिरा येते किंवा येतच नाही, त्या नावापाशी थोडं थांबा. बालसंगोपनचा अर्ज त्या नावापासून सुरू करता येतो.